ओळीच्या टोकाला वळताना

हे मी परवापर्यंत कुठे लिहिलं नव्हतं. तोंडानेही उच्चारलं नव्हतं. आणि आता तुम्हाला सांगायला बसले, तर हौसाबाई आठवते आणि हसू येतं. कबुली देताना हसावं का? पण तिची आठवण हसल्याशिवाय येतच नाही.

ती श्रावणात गेली. मिरजगावच्या अलीकडे ज्वारीच्या वाणांच्या चाचण्या घेणारं एक छोटं प्रक्षेत्र आहे, एकेका वाफ्यात एकेक वाण. तिथे ती मजुरीला होती आणि मी संख्याशास्त्राच्या कामाला. सातवी शिकलेली, म्हणून नोंदवही तिच्याकडे. वहीला तिने खणाचं कव्हर शिवलं होतं. मापाची काठी ज्वारीच्या ताटाला लावायची, उंची मोठ्याने म्हणायची आणि मगच लिहायची. "ह्ये मॅडमच्या वर दोन हात. आन ह्ये मॅडमएवढं — बुटकंच ऱ्हायलं." बाया खुरपी टाकून हसायच्या. मीही.

शेतातल्या चाचण्यांची आकडेमोड करणारा एक लहानसा प्रोग्राम मी लिहिला होता. फुकट होता, ठिकठिकाणचे विद्यार्थी वापरत. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची, आणि सोबत काय बदललं याची यादी. चूक सापडली, दुरुस्त केली, लिहून टाकलं — किती स्वच्छ काम. त्या यादीचा मला फार अभिमान होता.

मग एका आवृत्तीत मी एक सोय घातली. वाफ्यांच्या नोंदी प्रोग्रामनेच ओळीने लावून घ्यायच्या, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे, पुस्तकासारखी. त्या हंगामात निकाल विचित्र आला. बुटका वाण उंच ठरला. प्रक्षेत्राच्या साहेबांनी वही मागवली आणि हौसाबाईला विचारलं, वाफे उलटसुलट लिहिलेत का?

"न्हाई साहेब. चालत गेले तसं लिवलं. ओळ सपली की मानूस तिथूनच माघारी फिरतंय. रिकामं परत पयल्या टोकाला कशाला यील?"

साहेबांनी वही काढून घेतली आणि तिला खुरपणीवर पाठवलं. मी शेजारीच उभी होते. मलाही वाटलं, चूक तिचीच.

चौथ्या दिवशी, चहा गाळताना, तिचं वाक्य मला कळलं. ती एक ओळ जाताना लिहायची, दुसरी येताना. माझा प्रोग्राम मात्र प्रत्येक ओळीसाठी पहिल्या टोकाला पळत जात होता. दर दुसरी ओळ उलटी वाचत होता. दुरुस्तीला वीस मिनिटंही लागली नाहीत. आकडे असे जागच्या जागी बसले, की मी एकटीनेच टाळी वाजवली. आनंद झाला — हो, आनंदच. आणि त्याच आनंदात बदलांच्या यादीत लिहिलं: "काही किरकोळ सुधारणा."

किरकोळ.

साहेबांना सांगितलं नाही. विद्यार्थ्यांनाही नाही. का? नोकरी जाणार नव्हती, कुणी ओरडणारही नव्हतं. मी हुशार समजली जात होते. तेवढंच.

पुढचा अख्खा रब्बी हंगाम हौसाबाई खुरपत होती. वही दुसऱ्याकडे गेली, तोही तिच्यासारखाच माघारी फिरत लिहायचा, आणि निकाल बरोबर आला. साहेब म्हणाले, बघा, लिहिणारा बदलला की फरक पडतो. मी मान हलवली. हलवली ना — तुमच्यापासून काय लपवायचं?

त्यानंतर कधीतरी साहेबांना म्हणाले, "प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आहे. त्यात हौसाबाईंचे आकडे बरोबर येतात." आली आहे — जणू ती पाखरांसारखी कुठून तरी येते. वही परत मिळाली. हौसाबाईने प्रक्षेत्रभर सांगितलं, "मॅडमनी माझं नाव राखलं."

तेव्हापासून दर हिवाळ्यात तिच्या रानातला पहिला हुरडा मला. भाजून, हातावर मळून, फडक्यात बांधून आणायची, शेंगदाण्याच्या चटणीसकट. आम्ही बांधावर बसायचो आणि ती साऱ्या गावाच्या नकला करायची. वर्षातला तो माझा सगळ्यात सुखाचा तास. आभाराचा हुरडा होता तो. मी दरवर्षी खाल्ला. गोड लागायचा — हेही खोटं सांगणार नाही.

परवा तिची सून आली, सुनीता. सासूला ती आत्या म्हणते. "आत्या सांगून गेल्यात, मॅडमचा वाटा चुकवायचा न्हाई." फडकं अजून कोमट होतं. त्याची गाठ सोडण्याआधी मी तिला सगळं सांगितलं. त्याच सकाळी लिहिलेली नव्या आवृत्तीची यादी संगणकावर उघडीच होती, ती वाचून दाखवली: "दर दुसरी ओळ उलटी वाचली जात होती. चूक माझी. शोधली हौसाबाईंनी. मी ती लपवली. जुने निकाल पुन्हा तपासावेत."

सुनीताने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"आडनाव घाला की. न्हाईतर कंची हौसाबाई, कुनाला कळनार?"

घातलं.

"आन एक हंगाम खुरपत हुत्या, ते?"

तेही लिहिलं.

"आता मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

मी मोठ्याने वाचलं.