म्हशीच्या डॉक्टरांकडे ठेवलेलं एन्झाइम

पुण्यात मी ज्या एन्झाइमवर पीएच.डी. करते, ते कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मिक आम्ल बनवतं. चामडं कमावायला, जनावरांचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, टिकवायला ते आम्ल लागतं. मुंगीच्या चाव्यातही तेच असतं, असं मी एकदा आईला सांगून बसले.

"मंग मुंग्या बनवूनच राह्यल्या की," आई म्हणाली. "तू कशाला एवढी वर्षं घालवून राह्यली?"

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावी, वाटूरला, भावाचा साखरपुडा होता. तो उरकून नांदेडच्या प्रयोगशाळेत चाचणीला जायचं, म्हणून एन्झाइमच्या चार नळ्या बर्फाच्या डब्यात घालून घरी आणल्या. फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि तासाभरात गावाची डीपी जळून वीज गेली. डब्यातल्या बर्फाचं तोवर पाणी झालं होतं, आणि ऊब लागली की एन्झाइम संपलंच. मला रडू फुटलं.

"रडू नको माय," वडील म्हणाले. "जनावराच्या डॉक्टरकडं नायट्रोजनचा डबा हाय. त्यात रेड्याचं बीज टिकतंय, तुझं न्हाई टिकायचं का?"

डॉक्टरांनी चारी नळ्या दोऱ्याला बांधून वाफाळत्या डब्यात सोडल्या. तिथे आपली म्हैस भरवून घ्यायला नंबर लावायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "कुठलं हाय हे?"

"पुण्याचं," मी म्हणाले. तिथेच चुकलं.

सकाळी साखरपुड्याची साडी नेसून नळ्या आणायला गेले, तर दवाखाना बंद. डॉक्टर डबा मोटरसायकलला बांधून शिवारात गेले होते. वडिलांच्या गाडीवर मागे बसून मी त्यांना शोधत निघाले. सापडले ते काकांच्याच गोठ्यात. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत म्हशीच्या आत होता.

"डॉक्टर, माझ्या नळ्या!"

"ताई, थांबा. हात मोकळा न्हाई."

काकांनी मला ओळखलं आणि खूश होऊन डॉक्टरांना म्हणाले, "ते पुण्याचंच घाला. होऊ द्या खर्चा."

"न्हाई!" मी अशी किंचाळले की म्हैस बिथरली. तिने शेपटी फिरवली आणि माझ्या साडीवर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत शेणाचा पट्टा उमटला.

"अहो काका, ते रेड्याचं न्हाईच," डॉक्टर हसत म्हणाले. "जिवाणूचं हाय. हवेपासून रसायन बनवतंय."

काकांनी थोडा विचार केला. "म्हशीला बिलकुल उपयोग न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग एवढं जपताव कशाला?"

तेवढ्यात डॉक्टरांचा हात मोकळा झाला. नळ्या घेऊन घर गाठलं. आचाऱ्याने सरबतासाठी परतूरहून बर्फ आणला होता, त्यातला निम्मा मी नळ्यांसाठी पळवला आणि आईचं जुनं लुगडं नेसून साखरपुड्यात अंगठ्या घालताना मागे उभी राहिले.

नांदेडला एका नळीचं झाकण तडकलेलं निघालं. उरलेल्या तिन्हींनी काम केलं. तयार झालेलं आम्ल थेंबभरही नव्हतं, पण होतं. मी वडिलांना फोन केला. आम्ल म्हणजे काय ते त्यांनी विचारलंच नाही. "जमलं ना?" एवढंच म्हणाले, आणि पावशेर पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले.