दिव्यासाठी ओढलेली लाल वायर

देवणीच्या आमच्या महादेव मंदिरात माझ्या गाडीचा एक चमत्कार अजून सांगितला जातो. तो मीच पसरवला. वय झालंय, म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

दुष्काळाचं साल होतं. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. उदगीरच्या गफूर मिस्त्रीनं यंत्र लावून पाहिलं. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर तापवायला त्यात बारीक हीटर असतो, तोच चालत नव्हता. त्यानं नवा सेन्सर बसवला, तरी दिवा पुन्हा लागला. "काका, फ्यूजच्या डब्याला कुणी हात लावला का?" त्यानं विचारलं. मी ठासून नाही म्हणालो, म्हणून त्यानं तो उघडला नाही. उलट मंदिराच्या ओट्यावर बसून, गफूरनं जुनाच सेन्सर पुसून बसवला, असं चारचौघांत बोललो.

मन थाऱ्यावर नव्हतं. पत्नीला घेऊन देगलूरकडच्या एका महादेवाला निघालो. वाटेत गाडी आचके देऊ लागली, तशी एका बोअरजवळ थांबवली. तिथं पाण्याचा टँकर भरत होता. त्याचा ड्रायव्हर आपणहून आला. "टँकर भरंपर्यंत मला तरी काय काम हाय?" म्हणत त्यानं सेन्सरच्या वायरीला तपासणीचा दिवा लावला. तो पेटला नाही. "सेन्सर चांगला हाय, काका. त्याच्यापर्यंत करंटच येईना." वायर धरत तो मागे मागे गेला. मलाही नवल वाटू लागलं, मीही त्याच्या शेजारी वाकलो. डब्यात एक फ्यूज अर्धवट वर आलेला होता आणि त्याच्या बाजूला एक लाल वायर खुपसलेली होती.

ती माझीच होती. दसऱ्याला गाडीत महादेवाची पिंड बसवली, तेव्हा तिच्यापुढं दिवा लागावा म्हणून मीच ती खुपसली होती. दिवा जळत होता, पण फ्यूजचा एक पाय सुटून हीटर उपाशी राहिला होता. गफूरनं विचारलं तेव्हा हे मनातही आलं नाही. देवाच्या कामाला कुणी छेडछाड म्हणतं का?

ड्रायव्हर हसला. "काय काका, सेन्सरच्या तोंडचा घास काढून देवाला निवद दाखवून राहिलात!"

"अन् शिव्या त्या गफूरला," पत्नी म्हणाली.

ड्रायव्हरनं वायर काढून फ्यूज दाबला. दोन-तीन दिवसांत पिवळा दिवा विझंल, म्हणाला. नाव विचारीपर्यंत टँकर निघालाही.

पिवळा दिवा खरंच विझला. सोमवारी भजनात लोकांनी विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "महादेवाची कृपा." पत्नीनं टाळ खाली ठेवले. आमच्या गावच्या गाड्या गफूरकडं जायच्या थांबल्याच होत्या. पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून नांदेडला गेला.

गेल्या महिन्यात त्याला शोधून सगळं सांगितलं. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "मी चोर न्हाई, हे मला ठाऊकच हाय. जिथं बोललात तिथं सांगा."

परवाच्या सोमवारी त्याच ओट्यावर उभं राहून सांगितलं. मग गुरवानं विचारलं, "त्याचा नांदेडचा पत्ता हाय का? माझी गाडी दाखवावी म्हणतो."

पत्ता मी त्याला लिहून दिला. त्या टँकरवाल्याला देवानंच धाडलं, असं मला आजही वाटतं. इतकी वर्षं हात जोडले, पण स्वतःला वाचवून. परवा काहीच उरलं नव्हतं वाचवायला, आणि महादेवापुढं पहिल्यांदाच काही मागावंसं वाटलं नाही.