आजी हुंकार कुणाला देत होत्या?

आधी स्मिता मॅडमचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. त्या नसत्या तर त्या दिवशी माझं काम गेलं असतं, आणि काम म्हणजेच माझं छप्पर. मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सोडलेली. बाळकुमला एका आजींना सांभाळायला चोवीस तास त्यांच्या घरीच राहायचे. ठाण्यात दुसरं एकही दार ओळखीचं नव्हतं. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्याकडे ज्या चिंचेखालून बाप्ये माणसं तिन्हीसांजेला जायची नाहीत, तिथून मी सरपण आणलंय... त्यामुळे हे लिहायला मलाच अवघड जातंय.

आजी तिथल्याच जुन्या आगरी घरातल्या. त्यांच्या शेतावर आता टॉवर झालाय, त्यातच राहायच्या. विसरण्याचा आजार. मला कधी माझ्याच नावाने संगीता म्हणायच्या, कधी मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. कान दोन्ही गेलेले. मशीन लावलं की ऐकू यायचं, काढलं की शेजारी ढोल वाजला तरी मान वळायची नाही.

या आजारावर एक नवीन औषध तपासून बघणं चालू होतं, त्यात आजींचं नाव लागलेलं. औषध सुरू करायच्या आधी मेंदूचा पेट स्कॅन, नंतर परत एक, मग दोन्ही फोटो ताडून बघायचे. सेंटर शीळफाट्याच्या पुढे, कल्याणच्या बाजूला. गाडीत आजींच्या सूनबाई, म्हणजे वहिनी, मला म्हणाल्या, "संगे, आज तरी तोंडाला कुलूप लाव हां. तू म्हणजे बंद न होणारा रेडिओ."

स्मिता मॅडम तिथल्या टेक्निशियन. सहसा आत कुणाला बसू देत नाहीत, पण आजी एकट्या राहिल्या की सुई ओढून काढायच्या, म्हणून मला लांब भिंतीशी बसवलं. मॅडमनी समजावलं, "हे साखरेसारखं औषध आहे बघ. मेंदूचा जो भाग काम करतो तो ही साखर जास्त खातो, मग फोटोत उजळतो. म्हणून सुई दिल्यावर अजिबात बोलायचं नाही. तू बोललीस तर ऐकण्याचा भाग उजळेल आणि सगळं वाया."

आजींचं मशीन काढून मी मुठीत धरलं. लाईट मंद केला. चुकून शब्द निघेल या भीतीने मी ओढणीचं टोक तोंडातच कोंबलं.

थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, "हं."

मला वाटलं झोपेत असतील. पण डोळे उघडे होते. तोंड पलीकडच्या रिकाम्या भिंतीकडे. "हं... हं..." मधेच हसल्या. मधेच "मंग?" असं विचारलं. अंगावर काटा आला, कारण तो सूर मला ठाऊक होता. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणारा थांबतो. लहानपणी मायला मी असाच द्यायचे.

मग आजी माझ्याकडे वळल्या. "संगे, तू दे गो हुंकार. माजा घसा सुकला. ती थांबलीय बघ."

नाव बरोबर घेतलं होतं. मी ओढणी दातात आवळली आणि मान हलवली... नाही म्हणून.

स्कॅन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले ते तापूनच. "आत कोण बोलत होतं? ऐकण्याचा भाग लख्ख पेटलाय. सुई दिल्यापासून कुणीतरी बोलतच होतं!"

वहिनी माझ्यावर उसळल्या. "सांगितलेलं ना तुला! आईंना यातून काढलं तर कुठे नेऊ मी त्यांना? आजच्या आज बॅग भर तुझी."

मी नुसती रडत होते. स्मिता मॅडम मधे पडल्या. "थांबा वहिनी. आधी कॅमेरा बघू, मग तिला बोला."

पडद्यावर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढणी चावत बसलेली. मॅडमनी मला विचारलं, "आजींचं कानाचं मशीन कुठे होतं?" मी मूठ उघडली. डॉक्टरांनी जाऊन आजींच्या मागून जोरात टाळी वाजवली. आजी ढिम्म.

"स्वतःचाच हुंकार असेल..." डॉक्टर पुटपुटले.

"कान बंद असताना, सर?" मॅडमनी विचारलं.

स्कॅन परत करू, एवढंच डॉक्टर म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे न बघता हातात पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर मशीन लावून मी विचारलं, "आजी, कोण बोलत होतं हो?"

"माजी आय. मिठागरावर नेयाची तवा सांगाची ना, तीच गोष्ट. आज पुरी करनार व्हती. तू हुंकार दिला नाय... गेली ती."

दुसऱ्या खेपेला आत स्वतः मॅडम बसल्या. आजी गप्प. फोटो हवा तसा आला, औषध सुरू झालं. पण त्या दिवसापासून आजी कुणाशीच बोलल्या नाहीत. वहिनींशी नाही, माझ्याशी नाही. भिंतीकडे तोंड करून वाट बघितल्यासारख्या पडून राहायच्या. पुढच्या स्कॅनची वेळ यायच्या आधीच एका दुपारी गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं, औषधाचा संबंध नाही.

पहिल्या फोटोबद्दल कुणी म्हणतं स्कॅनच्या मशीनचा घोळ, कुणी म्हणतं या आजारात मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. असेल. मी शिकलेली नाही. पण मग थांबली ती कोण? आणि मी एकदा "हं" म्हटलं असतं तर काय झालं असतं?

तेराव्यानंतर वहिनी रडत म्हणाल्या, "आता घरात काम नाही गं." मॅडमना कळलं तशा त्या स्वतः आल्या, माझी बॅग उचलून रिक्षात ठेवली आणि मला डोंबिवलीला आपल्या घरी नेलं. दुसरं काम लागेपर्यंत तिथेच राहिले. मॅडम एकट्याच असतात. त्यांना बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते... मॅडम, उद्या तुम्हाला काही आठवेनासं झालं, मलाही ओळखलं नाहीत, तरी मी जिथे असेन तिथून येईन आणि शेवटपर्यंत तुमच्या उशाशी बसेन.