दोन दिवसांचं पथ्य

नर्सची नोकरी संपली, तरी माझी बडबड काही संपली नाही. दर शनिवारी वारज्यातल्या एका सोसायटीत जाऊन मी मधुमेहाच्या पेशंटना सांगत असे : रोज आरशात तळपाय बघा, अनवाणी फिरू नका, साधं खरचटलं तरी त्याच दिवशी दाखवा. आरसा घरात असतोच, त्याला खर्च नाही. दुर्लक्ष केलंत तर हॉस्पिटल घर धुऊन नेतं. बायका वहीत लिहून घ्यायच्या.

आमच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. ह्यांना बारा वर्षांपासून शुगर. काही सांगायला गेलं की म्हणायचे, "आधी माझा रिपोर्ट बघ." रिपोर्ट दर वेळी उत्तम! तीन महिन्यांची सरासरी कळते ती तपासणी करा म्हटलं, तर म्हणायचे, "चांगलं असताना पैसे कशाला घालवायचे?" आणि मी, शहाणी, गप्प बसायचे. वर शनिवारी चारचौघींत ह्यांचंच उदाहरण द्यायचे.

गेल्या वर्षी ह्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. नवा बूट चावला होता. पंधरा दिवस ती जखम ह्यांनी मोज्यात लपवली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल की नाही आत्ताच सांगता येत नाही. मग ती सरासरीची तपासणी झाली आणि सगळं बाहेर पडलं. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस कडक पथ्य, कारल्याचा रस, भात बंद. रक्त दिलं की बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर सकाळी फिरणाऱ्या मित्रांबरोबर जिलेबी. सगळा ग्रुपच तसं करतो म्हणे!

"अहो, फसवलंत कुणाला? लॅबला?" मी ओरडले. अशी चीड आयुष्यात कधी आली नव्हती.

पाय वाचला, अंगठा गेला. म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोडली. तेही मी गिळलं असतं.

घरी सोडायच्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई ड्रेसिंग बघायला आल्या. म्हणाल्या, "काका, पाय रोज बघायचा असतो. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं का?"

मी शेजारीच उभी होते, ह्यांच्या चपला हातात घेऊन.

हे म्हणाले, "नाही हो. कोण सांगणार?"