धुऱ्यावरची अंबाडी

अमरावतीहून अकोटची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर स्टिकरांचा गठ्ठा होता. 'विषमुक्त अंबाडी, थेट शेतातून.' मजकूर माझाच. आम्ही मैत्रिणींनी गावाकडच्या खाण्याच्या वस्तूंचं छोटं दुकान काढलं होतं आणि हिवरखेडच्या बचत गटाची वाळवलेली लाल बोंडं हा आमचा पहिला मोठा माल ठरणार होता. चिकटवण्याआधी शेत एकदा बघून यायचं, एवढा हट्ट मी धरला.

वलगाव गेलं, दर्यापूर गेलं. दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी. मधूनच पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसे. फवारणीनं माणसं आजारी पडल्याच्या बातम्या त्या वर्षी पेपरात येत होत्या. उग्र वास आत आला की बायका पदर नाकाला लावत.

अकोटला बस बदलली. हिवरखेडच्या गाडीत शेजारी मिरचीचे एक व्यापारी चाचा बसले. कशासाठी निघालीस, विचारलं. मी सांगितलं.

"अंबाडीसाठी हिवरखेडले? अवं बेटी, ते तं आमच्या बकऱ्या खातेत."

"शहरात तिचं सरबत करतात, चाचा."

"मंग बकऱ्याइले सांगतो, शौक मोठे झाले तुमचे!" आसपासचे सगळे हसले, मीही हसले.

पुढे सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. हिवरखेडच्या स्टँडवर गटाच्या अध्यक्ष सुमनमावशी उभ्याच होत्या. त्यांनी थेट शेतात नेलं. मधे कपाशी आणि चारही धुऱ्यांवर (बांधांवर) अंबाडीची रांग, लालबुंद बोंडांनी लगडलेली. इकडे अंबाडी अशीच पेरतात, धुऱ्यावर. मी फोटो काढत होते. मग निंबाखाली ठेवलेला पंप दिसला.

"मावशी, फवारणी करता?"

"कपाशीले करतो. अंबाडीले काहून करू?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. पण वारा धुरा पाळत नाही. अंबाडीच्या पानांवर पांढरे ठिपके वाळलेले होते.

घरी जेवायला बसलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी. आंबटपणानं तोंडाला पाणी सुटलं. सहज विचारलं, "ही धुऱ्यावरचीच ना?"

"या बया! पाहुणीले फवाऱ्याची खाऊ घालू का? खायची विहिरीवर लावतो आमी."

बोलल्या आणि त्यांचा वाढता हात थांबला. 

गटातल्या बाया जमल्या. गच्चीभर बोंडं वाळत होती, सगळी धुऱ्यावरची. यांच्यावर 'विषमुक्त'चं स्टिकर लावता येणार नाही, असं मी सांगितलं. बेबीताई फणकारल्या, "सारेच लिहितेत बाजारात. तुमी शिकलेल्या, तुमीच काई गोड लिहा ना!"

"गोड लिहिता येईल, ताई. पण आत्ता मावशी जे बोलल्या ते ऐकल्यावर मी नाही लिहिणार."

"मंग आमचा माल?"

  मावशी उठल्या. "विहिरीवरची जेवढी निंगन तेवढी तोडा. गच्चीवरच्याचं बी धरू. पुढच्या साली ज्वारीत टाकू, कपाशीपासून लांब."

"दिवाळं काढलं या बाईनं," असं म्हणत बेबीताईच सगळ्यांत आधी टोपलं घेऊन विहिरीकडे निघाल्या.

चार पोती न्यायला आले होते, एक पिशवी भरली. ओसरीत बसून मी नव्या चिठ्ठ्या हातानं लिहिल्या आणि बायांना वाचून दाखवल्या: 'हिवरखेडच्या विहिरींवरची अंबाडी. यंदा थोडीच आहे. बाकीची फवारलेल्या कपाशीजवळ होती, म्हणून आणली नाही.'

परतताना वलगावला उतरले, घरी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा अक्षराखाली बोट ठेवून सावकाश वाचतात आणि लिहिलेलं खरंच असतं, असं मानतात. त्या विश्वासावरच त्यांनी मला शिकवलं. माल कमी म्हणून दुकानातल्या मैत्रिणी उद्या रागावतील, हे मला ठाऊक होतं. तरीही पुढच्या साली ज्वारी पेरायच्या वेळी हिवरखेडला परत जायचं, हे मी बसमध्येच ठरवलं होतं.

बाबांनी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. मग न धुताच पिशवीतलं एक बोंड उचलून तोंडात टाकलं.