अंगठ्याचं कुलूप

आतल्या खोलीतून मिरचीच्या दोन गोण्या गेल्या आणि मी कोणालाच काही विचारलं नाही. विचारायचं सोडून मी नवं कुलूप शोधायला निघाले. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारी मी, माझी जीभ नेमकी त्याच वेळी कुठे गेली होती, याचा विचार केला की अजूनही स्वतःचाच राग येतो.

नंदुरबारच्या बाहेर आमचं मिरचीचं गोडाऊन आहे. वडिलांनी सुरू केलेलं. ते गेल्यावर तापीकाठची शेती भावाने सांभाळली, गोडाऊन मी घेतलं. पुढे पथारी, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. मागे शेड, तिथे बायका रांगेने बसून देठ खुडतात. शेडच्या आत एक बंद खोली, तिथे निवडलेला वरचा माल. त्या खोलीच्या कुलपाची किल्ली आक्काच्या कमरेला असायची. आक्का आमच्या बायकांची मुकादम, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, वडिलांच्या वेळेपासूनची. गावाच्या टोकाला वस्तीत राहायची. घरी भिली बोलायची, आमच्याशी अहिराणी, आणि कोणी साहेब आला की शाळेतल्यासारखी शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करून आम्हाला हसवायची.

गोण्या गेल्या तेव्हा कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी शाबूत होती. मग किल्लीने उघडलं. किल्ली कोणाकडे? आक्काकडे. एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि तिथेच रुतून बसलं. आक्का तेव्हा समोरच बसली होती, डोक्याला पदर गुंडाळून, नाकातोंडावर फडकं बांधून, इतर बायकांना ‘हात चालवा वं’ म्हणत. तिला हाक मारून ‘आक्का, दोन गोण्या दिसत नाहीत, काय झालं असेल गं?’ असं विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण मला वाटलं, विचारलं की आरोप होईल. न विचारता संशय धरून बसणं हा मोठा आरोप आहे, हे तेव्हा कळलं नाही.

बाजारात जाऊन चौकशी केली तर दुकानदाराने माझ्यापुढे अख्खं दुकानच मांडलं. आधी कॅमेरे. मिरचीच्या धुराळ्यात आठ दिवसांत काच लाल होणार आणि ती पुसायला रोज कोण शिडीवर चढणार? मग त्याने एक नकली कॅमेरा दाखवला. आत काही नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो. स्वस्त होता. मी त्याचाही विचार केला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या बायका हुशार, दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे नाचून दाखवतील, म्हणून तो बेत सोडला.

मग दाराची मशीनं. कार्डाचं, नंबराचं, चेहऱ्याचं, अंगठ्याचं. कार्ड पथारीवर पडणार आणि मिरचीबरोबर गोणीत शिवलं जाणार. नंबर सांगितला तर शेडच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून विचारला जाणार. चेहऱ्याचं चांगलं होतं, पण महाग, आणि फडकं सोडून तोंड दाखवायचं म्हणजे ठसक्याला आमंत्रण. उरलं अंगठ्याचं. सगळ्यात स्वस्त तेच, शिवाय सगळ्या बायकांची हजेरीही त्यावरच लागणार होती. दुकानदार म्हणाला, “मॅडम, कार्ड घरी राहतं, नंबर डोक्यातून जातो. अंगठा कधी कोणी घरी विसरून येतं का?” मला ते इतकं पटलं की मी लगेच होकार दिला. लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी वेगळी घ्यावी लागेल असं तो सांगत होता. ते मी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्या बायकांना मी मोठ्याने सांगितलं, “उद्यापासून सगळ्यांनी अंगठा द्यायचा.”

दुसऱ्या दिवशी निम्मी शेड रिकामी. मोलगीकडच्या डोंगरातून हंगामापुरत्या उतरलेल्या बायका तर एकजात नाहीत. मी दारात येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात आक्का आली.

“बहीन, काल तू काय बोलनी? आंगठा देवा म्हनी ना? त्या घाबरी ग्यात.”

“अगं, त्यात घाबरायचं काय?”

“कागदवर आंगठा दिधा का जमीन जास. त्यासले इतलंच म्हाईत शे.”

मी कपाळावर हात मारला. माझ्या दृष्टीने अंगठा म्हणजे हजेरी, दार उघडण्याची सोय. त्यांच्या घरात अंगठा म्हणजे कोणीतरी कागद पुढे केला, आजोबांनी बोट टेकवलं आणि शेताचा बांध दुसऱ्याचा झाला. आक्काच मग त्यांच्या पालांपर्यंत चालत गेली आणि दुपारपर्यंत त्यांच्या बोलीत समजावत बसली. त्यातल्या एका म्हातारीने तिच्याकरवी मला विचारलं, मशीनच्या आत काय लिहिलेलं आहे? मी म्हटलं, काही नाही. खरं तर मलाही माहीत नव्हतं. मशीनबरोबर आलेलं पुस्तक मी उघडलंसुद्धा नव्हतं.

दार उघडायची परवानगी मी तिघांनाच ठेवली होती. मी, आक्का आणि भाऊ. भाऊ आठवड्यातून एकदा गावाहून येतो, इकडेतिकडे हिंडतो, चहा पिऊन जातो. पण घरचा माणूस म्हणून त्याचा अंगठा मी सगळ्यात आधी घेतला, आणि मशीनने तो एका झटक्यात ओळखला.

सगळ्यांची समजूत काढून आल्यावर आक्काची पाळी आली, तेव्हा ती मागे सरली. “मी आंगठा कवयच सोडी दिधा, बहीन. मी सही करस.”

हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. रात्रीच्या वर्गाला जाऊन, नातवंडं झाल्यावर, ती अक्षरं शिकली होती. हजेरीच्या वहीत तिची सही दोन ओळी खायची. सही करताना ती जिभेचं टोक दातांत धरायची आणि मधे कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. वडील असताना एकदा कोणा अधिकाऱ्याने तिच्यापुढे शाईचा डबा सरकवला होता, तेव्हा ‘पेन द्या साहेब’ म्हणून तिने त्याला गप्प केलं होतं. ही गोष्ट मीच कितीतरी पाहुण्यांना कौतुकाने सांगत आले होते. आणि त्या दिवशी मीच तिला म्हटलं, “अगं, दारासाठी आहे फक्त. टेकव.”

तिने टेकवला. पंधरा-वीस वेळा टेकवून, पुसून, तेल लावून एकदाचा नोंदला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनने तो ओळखला नाही.

याचं कारण मला आधीच सुचायला हवं होतं. मिरचीच्या घरात जन्मलेली बाई मी. वर्षानुवर्षं देठ खुडणाऱ्या बोटांची साल निघते, टोकं गुळगुळीत होतात, रेषा उरत नाहीत. रात्री हात भगभगतात म्हणून बायका खोबरेल चोळून झोपतात, हे मी लहानपणापासून बघते आहे. जिने जास्त वर्षं काम केलं तिचा अंगठा जास्त पुसलेला. म्हणजे मशीन ज्यांना ओळखत नव्हतं, त्या आमच्या सगळ्यात जुन्या बायका होत्या.

मशीन इंग्रजीत बोलायचं. ‘प्लीज ट्राय अगेन.’ बायकांनी दोन दिवसांत त्याचं नाव सासू ठेवलं, कारण कितीही केलं तरी ते खूश होत नसे. सकाळी एकमेकींना चिडवायच्या, “सासूना पाया पडनी का वं?” लाईट गेली की आणखी गंमत. बॅटरी घेतली नव्हती, त्यामुळे वीज गेली की दार आपोआप उघडं पडायचं. आणि आमच्याकडे वीज रोज जाते. म्हणजे मी असं कुलूप आणलं होतं जे आक्काला आत सोडत नव्हतं आणि अंधारात साऱ्या गावाला सोडत होतं. बायका हसायच्या. मीही हसायचे, आणि आत जाऊन दुकानदाराला फोनवर शिव्या घालायचे.

आक्का मात्र हसत नव्हती. रोज सकाळी ती हात धुऊन, पदराला पुसून दारापुढे उभी राहायची आणि मशीन रोज तिला अंगठा दाखवायचं. किल्ली आता निरुपयोगी. तिने ती कधी माझ्या टेबलावर ठेवली ते मला कळलंही नाही. दुकानदार म्हणाला, कार्डाची वेगळी पट्टी बसवून देतो, थोडा खर्च येईल. मी म्हटलं, बघू. आणि तोवर सोय म्हणून शेडमधल्या एका बाईच्या नव्या सुनेचा अंगठा नोंदवला. ती नुकतीच लग्न होऊन आली होती, तिचा पहिलाच हंगाम, हातावर मेंदी तशीच. तिने बोट ठेवताच दार उघडलं. तिच्यामागून आक्का आत गेली. माझ्या गोडाऊनमध्ये आक्काला कोणीतरी दार उघडून आत नेत होतं, आणि ते बघून मला लाज वाटली. पण त्या लाजेचं मी काहीच केलं नाही.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. फडकं सोडून गळ्यात घेतलेलं, डोळे लाल. मिरचीने लाल, असं मी मनाशी म्हटलं.

“बहीन, दोन गोन्या ग्यात म्हनीसन आनं ना हाई मशीन?”

म्हणजे गोण्या गेल्याचं तिला माहीत होतं. मोजदाद तीही करायची, मला विसर पडला होता. ती इतके दिवस वाट बघत होती, मी कधी विचारते याची.

मी म्हटलं, “नाही गं. हल्ली सगळीकडे असंच असतं.”

मी मोबाईल उचलला, उगाच. ती जागेवर जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत देठ खुडले, सगळ्यांच्या शेवटी उठली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. मी निरोप पाठवले. तब्येत बरी नाही, असं उत्तर आलं. मग तेही येईनासं झालं.

महिनाभराने भावाकडे जेवायला गेले होते. वहिनीने ताटात ठेचा वाढला. भाऊ घास घेता घेता म्हणाला, “तुझीच मिरची आहे. पोरीच्या सासरी पाठवायला दोन गोण्या नेल्या होत्या ना मी, त्यातली थोडी ठेवून घेतली. तुला सांगायचं राहूनच गेलं.” वडिलांच्या कपाटात जुन्या कुलपाची एक जादा किल्ली होती. एका रविवारी येऊन त्याने माल नेला होता. आपलाच तर आहे, त्यात काय सांगायचं.

मी ताटावरून उठले. फार बोलले त्याला. तो चकित होऊन म्हणाला, दोन गोण्यांसाठी एवढं? वहिनी मधे पडली. परतीच्या वाटेवर, प्रकाशा गावापाशी तापीचा पूल ओलांडताना, राग सगळा माझ्यावरच उलटला. दोन गोण्या नेणारा माणूस माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. का आला नव्हता, ते मला पक्कं ठाऊक आहे. तो भाऊ होता. चोर कोणी दुसरा असणार, आणि दुसरा म्हणजे जिची बोटं माझ्या मालाने सोलली जातात ती, हे मी विचार न करताच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत गेले. आक्का अंगणात बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, खाट पुढे ओढली. “ये बहीन, बठ.” सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. माझ्या गुडघ्यांचं विचारलं, मुलीचं विचारलं. तिच्या वागण्यात कुठेही खोट नव्हती, त्यामुळे मला जास्त जड गेलं. चहा अर्धा झाल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. गोण्या भावाने नेल्या होत्या. मला कालच कळलं. माझी चूक झाली. मशीन मी काढून टाकते, तू परत ये.

तिने सूप खाली ठेवलं नाही. खडा शोधत राहिली.

“तुन्हा भाऊ लई गया, म्हनीसन मी चोर नही,” ती म्हणाली. “आनि तो लई गया नसता, मंग?”

मी हातातला कप खाटेच्या कडेला ठेवला. तिने सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग सुनेला म्हणाली, बहीनचा चहा गार झाला, दुसरा आण.