तिसरी ‘ब’ आणि लांब श्वास

आमचे मुख्याध्यापक सुट्टीत कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि शाळेत प्रार्थनेनंतर पाच मिनिटं ध्यान सुरू झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! अंबरनाथच्या केमिकल कंपन्यांना खेटून आमची शाळा, तिसरीची पोरं, आणि त्यांना ध्यानाला बसवणार मी.

पहिल्या दिवशी म्हटलं, "डोळे मिटा. लांब श्वास घ्या." सगळ्या वर्गाचे हात नाकावर गेले. कुणी वॉटरबॅग उघडून रुमाल भिजवायला लागलं. मी चिडलेच. तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी घाबरून म्हणाली, "बाई, गॅस आला का? आई सांगते, गॅस आला का डोळे मिटायचे, ओलं फडकं लावायचं, मोठा दम नाय घ्यायचा."

या वस्तीत घरोघरी हेच शिकवत. डोळे मिटा म्हटलं की पोरांना कंपनीचा गॅसच आठवायचा. शेवटी मी म्हटलं, "माझे डोळे उघडे असतील. वास आला तर मी आधी सांगेन." एकेक हात खाली यायला दिवाळी उजाडली.

हिवाळ्यात एका सकाळी सगळा वर्ग छान शांत बसला होता. तीच मुलगी एकदम डोळे उघडून म्हणाली, "बाई, वास येतोय."

मला काहीच येत नव्हता. पुन्हा हुंगलं, तरी नाही. जन्म याच गावात गेलेला, नाक कधी निबर झालं ते कळलंच नव्हतं. मागून दोघं खोकायला लागली. माझ्या भरवशावर ही पोरं छाती भरभरून ती हवा आत घेत होती.

"उठा! रुमाल ओले करा!" मी किंचाळले. सगळ्यांना मागच्या मैदानात पळवलं. थोड्या वेळानं वारा फिरला. पोरं धडधाकट होती.

दुसऱ्या दिवशी कुणी डोळे मिटेना. मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार? मग ती मुलगी उठून माझ्या खुर्चीपाशी आली.

"बाई, आज तुम्ही मिटा. वास आला तर मी सांगते."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले.

"आता लांब श्वास घ्या," ती म्हणाली.

मला तो घेता येईना.